मागच्या कोपऱ्यातल्या सळ्या

बुधवार, ४ फेब्रुवारी

दुपारी अनिलचा फोन. सुभीचा थोरला. "मामा, वर मजला चढवतोय. पाडव्याला सुरुवात. कॉन्ट्रॅक्टर घर बघून गेला. म्हणाला, हे बांधलं कुणी? मी म्हटलं, मामांनी. मग म्हणाला, झालं तर, कुठं फोडून बघायची गरज नाही."

मी म्हटलं, बघू.

"तुमचं बघू म्हणजे हो. ठेवतो."

माझं बघू म्हणजे हो नव्हतं.

लिहून ठेवतो, म्हणजे डोक्यातून उतरेल. आमच्या पाटणकडं जमीन कधी हलेल सांगता येत नाही, म्हणून खिडक्यांच्या वरून चारी भिंतींना काँक्रीटचा पट्टा फिरवतात. पट्ट्यातल्या सळ्या कोपऱ्यावर वाकवायच्या आणि दुसऱ्या भिंतीत हातभर न्यायच्या. सुभीच्या घराच्या तीन कोपऱ्यांत मी नेल्या. मागच्या कोपऱ्यात नेल्या नाहीत. कमी पडल्या. दोन सळ्या मीच आदल्या दिवशी तोडून पाळण्यासाठी कड्या करून ठेवल्या होत्या. अनिल तेव्हा चार महिन्यांचा. माल कालवून तयार, नवी सळई दुसऱ्या दिवशी येणार. कालवलेला माल थांबत नाही. सळ्या कोपऱ्यावर समोरासमोर आणून तशाच सोडल्या आणि वरून काँक्रीट ओतलं. कुणी पाहिलं नाही. तीस वर्षं झाली.

त्या खोलीत सुभी झोपते.

रक्तदाब १५२/९४. सूनबाईला सांगितलं नाही.

शुक्र., ६ फेब्रु.

इथं चंडीमंदिरच्या छावणीत धुकं कमी. कसौलीकडचे डोंगर आज दिसले.

तन्वीनं जेवायच्या टेबलावर आइस्क्रीमच्या काड्यांचा मनोरा उभा केलाय. सोमवारी तिच्या कॉलेजात स्पर्धा आहे. काड्यांची इमारत करायची, मग ती हलणाऱ्या टेबलावर ठेवून हलवतात, ज्याची शेवटपर्यंत उभी तो जिंकला. नात शिकते काय, तर इमारती पाडायला. चौथं वर्ष.

मी हात पुढं केला. "आजोबा, छूना मत! गोंद गीला है।"

सूनबाई स्मिता स्वयंपाकघरातून म्हणाली, "अगं मराठीत बोल आजोबांशी."

"मराठीत पण गोंद गीला ही है, मम्मी."

लांबूनच बघितलं. काम नीट आहे पोरीचं. उभ्या काड्या ओळंब्यात. चौकोनात तिरप्या काड्या घातल्यात, आम्ही परांचीला घालतो तशा. विचारलं, सगळ्यात जास्त काय सांभाळतेस? म्हणाली, "जॉइंट. कॉर्नर गया तो सब गया."

पाणी प्यायलो. मग गॅसचं बटण बघून आलो. मग पुन्हा बघून आलो.

सोम., ९ फेब्रु.

तन्वी म्हणाली चला, म्हणून गेलो. चंडीमंदिरहून बस, मग रिक्षा. खिशात गोळ्या, ओळखपत्र, मुलाच्या, विलासच्या युनिटचा नंबर. विलास पुढं ड्यूटीवर, मला काही झालं तर कुणाला कळवायचं हे चिठ्ठीवर लिहून ठेवलं होतं. चिठ्ठी घरीच राहिली.

टेबल म्हणजे एक जाड लोखंडी पाट. खाली रूळ, बाजूला मोटर. मोटर लावली की पाट पुढंमागं जातो. बटण फिरवून वेग वाढवायचा. एवढंच. एवढं बघून मी दोन पावलं मागं सरलो. पाचवीत होतो तेव्हा मोठा भूकंप झाला, शाळेची भिंत पडली, पुढं माझी शाळा झाली नाही. शाळा पुन्हा बांधायला आलेल्या मिस्त्रीच्या हाताखाली गेलो. ती जमीन हलली तेव्हा कुणाच्या हातात बटण नव्हतं. इथं सरदारजी बटण फिरवतात आणि मध्येच थांबवून चहा पितात.

सरदारजींचं नाव करमसिंग. लॅबचं सगळं तेच बघतात. माझ्याच वयाचे दिसतात, पण दाढी रंगवलेली. "आप क्या करते थे, बाबाजी?" मिस्त्री, म्हटलं. "तो यहाँ बैठो। ये बच्चे तो तीली जोड़ते हैं।"

एक गोष्ट कळेना. सगळ्यात जाडजूड, काड्या ठासून भरलेला मनोरा पहिला मोडला. एक हडकुळा होता, तो वेतासारखा डुलत राहिला. आणि तन्वीचा मनोरा कमी वेगाला थरथरला, वेग वाढवला तर शांत झाला! हे कसं?

करमसिंग म्हणाले, हर बिल्डिंग की अपनी चाल होती है. टेबलाची चाल तिच्याशी जुळली की ती वेडी होते.

हे मला माहीत आहे. नाव माहीत नव्हतं. परांचीच्या फळीवरून दोन गडी घमेली घेऊन एका पावलानं चालले की फळी उसळायला लागते. आम्ही ओरडायचो, पाय मोडा रे! पाय मोडून, म्हणजे पावलं चुकवून चालले की फळी गप्प.

हे तन्वीला सांगितलं. ती धावत तिच्या मॅडमकडं गेली. गिल मॅडम येऊन मला म्हणाल्या, फिर से बताइए. दोनदा सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं.

तन्वी दुसरी आली. पहिला तो हडकुळा.

मंगळ., १० फेब्रु.

झोप नाही. चहाच्या वेळी तन्वीला विचारलंच, तुमच्या टेबलावर विटांची खोली ठेवता येते का? खरी विटांची, लहान करून.

"क्यों?"

म्हटलं, सुभाआज्जीच्या घरावर मजला चढवताहेत. बघावं वाटतं.

तिनं लगेच मॅडमना मेसेज केला. उत्तर आलं: बाबाजी स्वतः बांधणार असतील तर हो, तिसऱ्या वर्षाच्या मुलांनाही बघायला मिळेल.

आता मागं फिरता येत नाही. कशाला बोललो.

गुरु., १२ फेब्रु.

फाटकाबाहेरच्या बांधकामावरून पाच विटा मागून आणल्या. पिशवी घेऊन आत येताना संतरीनं अडवलं. "बाबाजी, ईंटें किसलिए?"

म्हटलं, भूकंप के लिए.

त्यानं मला बाजूला उभं केलं आणि हवालदाराला बोलावलं. सून येऊन सोडवून घेऊन गेली. वाटेत एक शब्द बोलली नाही. घरी आल्यावर हसायला लागली ती थांबेना. पण दुपारी मी मागच्या व्हरांड्यात करवतीनं विटा कापायला लागल्यावर वाळत घातलेल्या कपड्यांवर लाल धूळ बसली, तेव्हा हसली नाही.

करमसिंगांना फोन केला. "ओ मिस्त्रीजी, यहाँ पानी वाली मशीन है। घर क्यों गंदा करते हो?"

शनि., १४ फेब्रु.

लॅबमध्ये. तिथल्या विटाही घेऊन हजारभर तुकडे कापून झाले. एकेक तुकडा काडेपेटीहून थोडा मोठा. खोली दोन फूट बाय दोन फूट, उंचीही दोन फूट. खऱ्या खोलीचा पाचवा हिस्सा. सुभीची मागची खोली, दार जिथं आहे तिथंच, खिडकी तिथंच.

पाच थर चढवले. हात विसरला नाही. ओळंबा म्हणून दोऱ्याला नट बांधला. पोरं भोवती उभी. एक विचारतो, बाबाजी, ईंट को पहले पानी में क्यों डालते हो? म्हटलं, तहानलेली वीट मालातलं पाणी पिऊन टाकते. हे मराठीतच बोललो. तन्वीनं हिंदीत सांगितलं. तिला सगळं मराठी येतं, बोलत तेवढी नाही.

चार तास गुडघ्यावर. गुडघ्याचं आता काही खरं नाही.

सोम., १६ फेब्रु.

आज पट्टा.

बाकीचे थर पोरांना घेऊन सकाळी चढवले. सळ्यांच्या जागी बांधणीची तार. तीन कोपऱ्यांत वाकवून आत नेली. चौथा कोपरा आला. हाच तो. इथं तार तोडून समोरासमोर सोडायची होती. त्यासाठीच तर सगळं मांडलं.

तन्वी मोबाइल धरून शेजारी उभी. शूटिंग. "आजोबा, इथं काय करता ते सांगा ना." मराठीत विचारलं तिनं. कॅमेऱ्यासाठी असेल.

मी तार वाकवली. आत नेली. हातभर म्हणजे इथं साडेतीन इंच. आणि सांगितलं, कोपऱ्यात सळई कधीही तोडायची नाही, ती फिरवून न्यायची.

चाळीस वर्षं मिस्त्री म्हणून जगलो, नातीपुढं तुटकी तार ठेवायला हात होईना. चुकलं. कळतंय. पण वरून माल पडला, आता आत काय आहे ते कुणाला दिसत नाही.

दुसऱ्यांदा.

गुरु., १९ फेब्रु.

रोज करमसिंगांना फोन. पाणी मारलं का? आज म्हणाले, "मिस्त्रीजी, ये दीवार है या आपका पोता? दूध भी पिला दूँ?"

सोम., २३ फेब्रु.

तन्वीकडून नवं कळलं. मी म्हणत होतो, एवढीशी खोली, एवढासा धक्का, झालं. ती म्हणाली, नाही. घर पाचपट लहान केलं की त्याचं वजन पाचपट कमी होत नाही. लांबीत पाच, रुंदीत पाच, उंचीत पाच, म्हणजे सव्वाशेपट कमी होतं. ताकद मात्र तेवढी कमी होत नाही. म्हणून लहान घर उगाचच मजबूत वाटतं. मुंगी गच्चीवरून पडली तर चालायला लागते, तसं. ती फसवणूक काढायला मॉडेलवर लोखंडी पाट्या ठेवतात, आणि वरचा मजला धरायचा तर त्याच्याही.

किती साधी गोष्ट आणि चाळीस वर्षांत डोक्यात आली नाही. दुपारभर सव्वाशेचा हिशोब कागदावर करून बघितला. बरोबर आहे.

फसवणूक काढतात म्हणाली.

शुक्र., २७ फेब्रु.

पट्ट्याला अकरा दिवस झाले. चाचणी. वर पाट्या ठेवल्या, वरच्या मजल्याच्या धरून. करमसिंगांनी बटणावर खडूनं आठ खुणा केल्यात. एकेक खूण वाढवत गेले. पाचला दाराच्या कोपऱ्यातून बारीक तडा. सहाला तो थोडा वर चढला. सात. आठ. पाटाचा आवाज कानात बसला. खोली उभी.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. गिल मॅडम म्हणाल्या, बाबाजी, पक्का काम. करमसिंगांनी मिठी मारली, दाढी टोचली.

हे सगळं त्या चौथ्या कोपऱ्यातल्या तारेनं केलं, आणि ती तार सुभीच्या घरात नाही.

तन्वी: "अनिलकाकांना सांगू?"

म्हटलं, थांब. मी सांगतो.

अनिलचा नंबर काढला, लावला नाही.

शनि., २८ फेब्रु.

तन्वी थांबली नाही. व्हिडिओ कालच पाठवला होता. सकाळी अनिलचा फोन, आवाज फुटेस्तोवर खूश. "मामा! सगळ्या गावाला दाखवला. सरपंच म्हणतात, आमच्या मिस्त्रीला पंजाबात मान आहे. कॉन्ट्रॅक्टरला पण पाठवला. विटा टाकल्यात बघा दारात."

मागून सुभीचा आवाज. "दादाला विचार, गुडघा कसा आहे."

बोललो काहीतरी. काय ते आठवत नाही.

रक्तदाब घेतला नाही. काय येणार ते माहीत आहे.

रवि., १ मार्च

सांगितलं. तन्वीलाच आधी. ती टेबलावर वही घेऊन बसली होती, स्मिता बाजारात. तीस वर्षांपूर्वीचं सांगितलं आणि सोळा तारखेचंही.

तिनं वही मिटली. मग, "मतलब मॉडल झूठा था."

हो.

"मैंने पूरे कॉलेज को दिखाया, आजोबा. मॅडमना पण."

हो.

ती उठून आत गेली. मी तिथंच बसलो. पाच मिनिटांनी ती पेन्सिल घेऊन परत आली. "किती सळ्या होत्या? दोन की चार? टोकांत अंतर किती राहिलं होतं? बाहेरचा गिलावा किती जाड?"

रागानं विचारतेय असं आधी वाटलं. मग दिसलं, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. चार सळ्या, म्हटलं. वर दोन, खाली दोन. टोकांत वीतभर अंतर. तिनं कोपरा काढला. मी पेन्सिल घेऊन दुरुस्त केला. इतक्या वर्षांत तो कोपरा पहिल्यांदा कागदावर उतरला.

"पाडवा कधी?" एकोणीसला.

"मग उद्या सुरू करू. मॅडमना तुम्ही सांगायचं. मी नाही."

सोम., २ मार्च

सांगितलं मॅडमना. हिंदी धड येईना. "मैंने चोरी किया" असं काहीतरी बोललो. त्या म्हणाल्या, बाबाजी, चोरी नहीं, गलत सैंपल. सैंपल दूसरा बनाइए. बाई शांत आहेत. मला वाटलं होतं बाहेर काढतील.

करमसिंगांना जास्त लागलं. दिवसभर मला मिस्त्रीजी म्हणाले नाहीत. विटेचे तुकडे मात्र आधीचे उरलेले पुरणार नाहीत म्हणून स्वतःच आणखी कापून दिले.

मंगळ., ३ मार्च

नऊ पोरं हाताखाली. कालपासून भिंती चढवून आज पट्टा. चौथ्या कोपऱ्यात तार तोडली, टोकं समोरासमोर सोडली, मध्ये दीड इंच. तन्वीनं जवळून फोटो काढला. पहिल्या वेळीच हात असा सरळ चालला असता तर.

परत येताना बसमध्ये होळीचा रंग लागलेली पोरं. एकानं माझ्या टोपीला गुलाल लावला.

शनि., ७ मार्च

करमसिंगांचा आपणहून फोन. "पानी मार दिया, मिस्त्रीजी।" एवढंच बोलून ठेवला.

अनिलचे दोन फोन आले. उचलले नाहीत. आधी बघू, मग सांगू. कुणी म्हणेल टाळतोय. टाळतोयच थोडा. पण न बघता काय सांगणार? कदाचित दुसरंही उभं राहील. राहीलही. माल चांगला होता, विटा भाजक्या होत्या, भिंती नऊ इंची. तीस वर्षांत लहान धक्के किती आले असतील, साधा तडा नाही.

तन्वीला हे म्हटलं. ती म्हणाली, "हो सकता है. म्हणून तर टेस्ट."

शनि., १४ मार्च

कॉलेजला सुट्टी. करमसिंगांनी आमच्यासाठी लॅब उघडली. मॅडम, तन्वी, तिच्या दोन मैत्रिणी. हेही अकरा दिवसांचं, म्हणजे दोन्ही खोल्यांची बरोबरी. पाट्याही तेवढ्याच.

एक. दोन. काही नाही. मी मनात मोजतोय, पहिलीला पाचवर तडा गेला होता. तीन. काही नाही. मला बरं वाटायला लागलं.

चारला कोपऱ्यात वरून खाली एक रेघ. केसाएवढी. माझ्याशिवाय कुणाला दिसली नसेल. मग तन्वी म्हणाली, "दिसली?"

पाच. रेघ उघडली. पाट डावीकडं गेला की फट मिटायची, उजवीकडं गेला की उघडायची. दार वाऱ्यानं हलावं तशी. दोन भिंती एकमेकींना ओळखत नसल्यासारख्या वेगळ्या हलत होत्या. पहिल्या खोलीत असं नव्हतं, चारी भिंती एकत्र जात होत्या. मी खाली वाकून बघत राहिलो. भीती कुठं गेली कळलं नाही. कसं होतं तेच बघायचं होतं. फट वरून सुरू होते, पट्ट्यातून. मग खाली उतरते. मग भिंतीचं वरचं टोक बाहेर झुकतं. तीस वर्षं मी ती भिंत मनात आत पाडत होतो, अंथरुणावर. ती बाहेर जाते! भिंत बाहेर, पण छताचा तो कोपरा मग कशावर?

सहाला करमसिंगांनी बटणावरून हात काढला. "बस। ये गिरेगी तो पाट खराब होगा।" पाटाची काळजी नव्हती त्यांना.

मॅडमना विचारलं, वरचा मजला नसता तर? म्हणाल्या, माहीत नाही. पाट्या काढून तिसरं मॉडेल करावं लागेल. एका मॉडेलवरून सगळं कळत नाही, आणि तुमचं घर तीस वर्षं जुनं, तिथला माल, तिथली माती वेगळी. एवढं नक्की, कोपरा उघडून बघितल्याशिवाय वर काही चढवू नका. उपाय आहे. कोपऱ्याचा गिलावा काढून आतून-बाहेरून वेल्डेड जाळी बसवायची, भिंतीतून आरपार तारा ओढून बांधायची, वर सिमेंटचा गिलावा. त्यांनी कागदावर काढून दिलं. मी विचारलं, जाळी दोन्ही भिंतींवर किती लांब न्यायची? हसल्या. "कोपऱ्यात तोडायची नाही, फिरवून न्यायची."

व्हिडिओ बघितला असणार त्यांनी.

रवि., १५ मार्च

फोन केला. मीच. स्मिता शेजारी बसली होती, तिला काल सगळं सांगितलं. म्हणाली, बाबा, बोला, मी इथंच आहे.

अनिल ऐकत होता. त्यामुळं मी जास्तच बोललो. पाळण्याच्या कड्या, माल, तार, सगळं. शेवटी म्हणाला,

"म्हणजे व्हिडिओ खोटा?"

पहिला खोटा. दुसरा खरा. पाठवतो.

"मामा, मी गावाला काय सांगू?"

माझं नाव सांग.

"तीस वर्षं आई त्या खोलीत झोपतेय. दिवाळीला येऊन तुम्ही पण तिथंच झोपायचा. तुम्हाला झोप कशी लागायची हो?"

लागायची नाही, म्हटलं. हे खरं आहे. सुभीला वाटायचं मला जागा नवी म्हणून.

"वर चढवायचं नाही असं म्हणताय?"

कोपरा उघडून, जाळी बांधून, मग एखादा इंजिनियर काय म्हणतो ते बघून. तोवर नको.

"पाडवा चार दिवसांवर आलाय, मामा." आणि फोन ठेवला.

दुसरा व्हिडिओ तन्वीनं पाठवला. दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही.

सोम., १६ मार्च

उत्तर नाही. दिवसभर फोन हातात. स्मितानं गाड्या बघितल्या. अंबाल्याहून पुण्याची, उद्याची वेटिंग, परवाची वेटिंग. तन्वीची परीक्षा आहे, येता येणार नाही. जाळीचा एक तुकडा माझ्या बॅगेत ठेवला तिनं. "तिकडच्या दुकानात हा दाखवा. पतली मत लेना. आणि कोपरा उघडल्यावर पहिला फोटो मला पाठवायचा. पक्का?"

"पक्का," म्हटलं.

"आत काय निघेल, आजोबा?"

म्हटलं, जे घातलं तेच.

"तीस साल में जंग लगा होगा. कितना, ये देखना है."

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. वाकवलेल्या सळ्यासुद्धा आत कशा असतील? आता तीन कोपऱ्यांचीही काळजी लागली. पण बघायचंही आहे.

मंगळ., १७ मार्च

अकराच्या सुमारास सुभीचा फोन. तिच्या स्वतःच्या फोनवरून, म्हणजे अनिल घरात नसणार.

मी आधीच म्हटलं, सुभे, चुकलं माझं.

"ते राहू दे. आधी सांग, खाट कुठं ठेवू?"

मला कळेना.

"अरे, तो व्हिडिओ बघितला मी. चारदा बघितला. आज काय वर मजला नाही, पण खोली तीच ना? खाट कुठं ओढू?"

म्हटलं, पुढच्या खोलीत. दाराच्या अंगाला. उशाशी भिंत नको, कपाट नको.

"बरं. आणि देव? देव्हारा त्याच कोपऱ्यात आहे."

"देव राहू देत."

"देव राहू देत काय! मला बाहेर काढतोस आणि त्यांना तिथंच ठेवतोस? पाटावर घेते समोरच्या खोलीत. परवा पाडवा, पूजा तरी कुठंतरी झाली पाहिजे."

मग म्हणाली, अनिल बोलत नाही. दारातल्या विटांवर ताडपत्री टाकलीय. पण परवा नारळ फोडणारच म्हणतो. कशाचा नारळ ते सांगत नाही. वर चढवण्याचा का कोपरा उघडण्याचा. कॉन्ट्रॅक्टर काल येऊन म्हणाला, जुनी माणसं घाबरतात, टेबलावरचं टेबलावर. अनिलनं त्याला चहा दिला, पण हो-नाही काही म्हणाला नाही.

विचारलं, माझ्यावर चिडलाय फार?

"चिडलाय. पण सकाळी मागच्या भिंतीला कान लावून बोटानं ठोकत होता. मी बघितलं. पोकळ वाजतं का असं कळतं का रे?"

म्हटलं, तसं नाही कळत.

"मग ये आणि दाखव त्याला कसं कळतं ते." आणि लगेच, "आलास की तू कुठं झोपणार?"

माझ्या तोंडून गेलं, मागच्या खोलीत.

ती मोठ्यानं हसली. "तू? मांजर गच्चीवरून गेलं तर उठून बसणारा तू!"

मीही हसलो. कुणीच फोन ठेवेना.

उद्याचं तिकीट अजून वेटिंगवर. अकरा. सकाळी चौदा होतं.